वेल्समधली आइस्क्रीम पार्लरं आणि जुने इटालियन कॅफे : कुठे जाल, काय खाल?

साबुदाणावडा (कार्डिफ)

वेल्सला आलेला मराठी पाहुणा काय बघतो? कार्डिफचा किल्ला, स्नोडन डोंगरावर चढणारी गाडी, आणि वेळ उरला तर एखादा समुद्रकिनारा. किनाऱ्यावर हातात कोन येतो, चार फोटो निघतात आणि मंडळी परत गाडीत बसतात. मला त्या कोनाबद्दलच लिहायचंय. तो तिथे कसा आला हे कळलं की कुठे जायचं आणि कुठे नाही, हे निम्मं तरी सुटतं.

इथल्या दुकानांच्या पाट्या वाचा. कॉन्टी, फेची, सिदोली, फोर्ते, फुल्गोनी, कार्पानीनी. एकही आडनाव वेल्श नाही. यातली बरीच घराणी उत्तर इटलीतल्या पार्मा प्रांतातल्या बार्दी नावाच्या डोंगरी गावची, नाहीतर त्याच्या आसपासच्या वाड्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथली शेती पोटाला पुरेना, आणि इकडे दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांत कोळशाच्या खाणींमुळे गावंच्या गावं उभी राहत होती. बार्दीकर खाणीत उतरायला आले नव्हते. खाणीतून वर आलेल्या माणसाच्या खिशात आठवड्याचा पगार असतो आणि तो खर्च करायला जागा नसते, हे त्यांनी बरोबर हेरलं.

आधी येऊन स्थिरावलेला गावकरी, म्हणजे 'पाद्रोने', गावाकडून पोरं बोलावून घ्यायचा. राहणं, जेवण आणि थोडासा पगार. उन्हाळ्यात आइस्क्रीमची हातगाडी ढकलायची, हिवाळ्यात भाजलेले चेस्टनट विकायचे. चार पैसे साठले की तोच पोरगा पुढच्या खोऱ्यात स्वतःचं दुकान टाकायचा आणि भाच्याला बोलावून घ्यायचा. पहिल्या काही कॅफेवाल्यांत ब्राक्की नावाचं घराणं होतं. त्यांचा जम असा बसला की ऱ्हाँडा खोऱ्यात आणि आजूबाजूला कुठल्याही इटालियन कॅफेला लोक 'ब्राक्की'च म्हणायला लागले, मालक कुणी का असेना.

त्यांच्या पथ्यावर पडली ती आणखी एक गोष्ट. १८८१ च्या कायद्यानं वेल्समध्ये रविवारी पब बंद ठेवावे लागत. चॅपलवाले, म्हणजे इथले कडक शिस्तीचे प्रोटेस्टंट, दारूच्या विरोधात होतेच. दारू न विकणारं, उबदार, रात्री उशिरापर्यंत उघडं राहणारं ठिकाण म्हणजे हे कॅफे. काहींनी तर पाटीवरच 'टेम्परन्स बार' लिहिलं. पबमध्ये न जाणाऱ्या बायका आणि तरुण पोरंपोरी इथे बसू शकत. गंमत अशी की दारू नको म्हणणाऱ्या चॅपलवाल्यांनाही हे कॅफे रविवारी उघडे असलेले खपत नव्हते. दंड व्हायचे, दंड भरून दुकानं उघडी राहायची.

म्हणून म्हणते, किनाऱ्यावर आइस्क्रीम खा, जरूर खा. पण एक दुपार खोऱ्यातल्या एखाद्या जुन्या कॅफेसाठी काढा. ट्रीऑर्कीला जा. कार्डिफहून ऱ्हाँडाची गाडी थेट जाते, तासाभराच्या आत-बाहेर. तिथे स्टेशन कॅफे आहे, कार्पानीनीज आहे, आणि ज्या हाय स्ट्रीटला २०१९ च्या स्पर्धेत ब्रिटनमधली सर्वोत्तम ठरवलं गेलं तो रस्ताही तिथलाच.

तुम्ही कुठे कुठे खाल्लंत ते लिहा. उत्तर वेल्सची माझी माहिती तोकडी आहे, तिकडच्यांनी भर घाला.

---

पानगळ

लेख छान. पण प्रामाणिक प्रश्न : ज्या देशात जूनमध्ये स्वेटर घालून बाहेर पडावं लागतं तिथे आइस्क्रीम खायला म्हणून कोण जाईल? आणि व्हॅनिला? पुण्यातून उठून व्हॅनिला खायला सातासमुद्रापार?

---

रानवाट_७ (स्वान्सी)

@पानगळ, इथले लोक पावसात, छत्री काखेत मारून, वाऱ्याकडे पाठ करून आइस्क्रीम खातात. सुरुवातीला मलाही वेड्यांचा बाजार वाटला होता. आता मीही त्यातलाच एक.

व्हॅनिलाबद्दल मात्र भांडणार. स्वान्सीत सेंट हेलेन्स रोडवर जो'ज आहे, १९२२ पासून. लुईजी कास्कारीनी १८९८ मध्ये अब्रुझी डोंगरातून आला (हे बार्दीचे नव्हेत, साबुदाणावडाताई, बरेच दक्षिणेचे) आणि त्याचा मुलगा जो यानं हे दुकान काढलं. कित्येक दशकं तिथे फक्त व्हॅनिला मिळायचं. आता बाकीचे स्वाद आहेत, पण रांगेत उभं राहून पुढच्यांचं ऐका : बहुतेकजण व्हॅनिलाच मागतात. पिवळं नाही, पांढरं. गोड बेतानंच, आणि दुधाची चव पुढे येते. वर रास्पबेरीचा सॉस घालून घेणारे आहेत, तो ज्याचा त्याचा प्रश्न.

पार्लर जुन्या वळणाचं आहे. आत बसून संडे (पेल्यात सजवून दिलेलं आइस्क्रीम) खाता येतात, नॉर्थ पोल नावाचा एक त्यांच्याकडचा जुना प्रकार आहे. स्वान्सीचा माणूस परगावाहून घरी आला की आधी आईला भेटतो की जो'जला जातो, यावर इथे विनोद चालतात.

मम्बल्सलाही त्यांची शाखा आहे. आणि मम्बल्सला गेलातच तर नॅब रॉकजवळ व्हर्डीज. मोरुझ्झी कुटुंबाचं, १९९५ पासूनचं. काचेच्या भिंती, समोर अख्खी स्वान्सी खाडी. तिथे आइस्क्रीमइतकीच जागेची किंमत आहे, हे मान्य. शनिवार-रविवारी दुपारी जागा मिळाली तर नशीब समजा.

स्वान्सीहून मम्बल्सला बसनं जाऊ नका. खाडीच्या कडेनं सपाट रस्ता आहे, सायकलवाले-चालणारे दोघांसाठी. पूर्वी तिथून रेल्वे जायची. १८०७ मध्ये तिकीट काढून प्रवासी नेणारी जगातली पहिली रेल्वे हीच, तेव्हा घोडे ओढायचे. १९६० मध्ये बंद केली. एवढा इतिहास पायाखाली घालून आठेक किलोमीटर चाललं की दोन स्कूप हक्काचे.

---

निवांतआजोबा (पुणे)

सेंट हेलेन्स म्हटल्यावर राहवलं नाही. त्या रस्त्याच्या टोकाला, समुद्राकडे, सेंट हेलेन्सचं क्रिकेट मैदान. ३१ ऑगस्ट १९६८. नॉटिंगहॅमशरचा कप्तान गॅरी सोबर्स, गोलंदाज ग्लॅमॉर्गनचा माल्कम नॅश, आणि एका षटकात सहा षटकार. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये तसं पहिल्यांदाच घडलं. पाचव्या चेंडूवर सीमारेषेवरच्या रॉजर डेव्हिसनं झेल घेतलाही होता, पण तो तोल जाऊन सीमेपलीकडे पडला.

त्यानंतर हा पराक्रम केला तो आपल्या रवी शास्त्रीनं, जानेवारी १९८५ मध्ये वानखेडेवर, बडोद्याच्या तिलक राजला. आणि पुढे हाच शास्त्री काउंटी खेळायला गेला तो ग्लॅमॉर्गनकडेच! तेव्हा जो'जमध्ये त्यानं व्हॅनिला खाल्लं की नाही याचा शोध तरुण मंडळींनी घ्यावा.

रानवाट, मैदान बघून मग आइस्क्रीम, असा क्रम जमतो का? गुडघे दुखतात, म्हणून विचारतो.

---

रानवाट_७ (स्वान्सी)

जमतो आजोबा. सेंट हेलेन्स रोड फार लांब नाही आणि चढ नाही. तुम्ही आलात तर मी येईन सोबत.

---

अर्धाकटिंग (डोंबिवली)

धागा वाचनखूण केला. मे अखेरीस आई-बाबांना घेऊन लंडनला येतोय, मधले दोन दिवस वेल्ससाठी ठेवलेत. प्रश्न :

लंडनहून गाडीनं जमेल का, कार न घेता? आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. आइस्क्रीममध्ये अंडं असतं का तिकडे? आणि बाकी कॅफेत तिला काय चालेल? बाबांना काहीही चालतं, ते आधीच सांगून ठेवलंय त्यांनी.

---

साबुदाणावडा (कार्डिफ)

@अर्धाकटिंग, गाडीनं उत्तम जमतं. पॅडिंग्टनहून कार्डिफ साधारण दोन तास, तीच गाडी पुढे स्वान्सीला जाते, आणखी तासभर. मुक्काम कार्डिफला करा. एक दिवस स्वान्सी-मम्बल्स. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रीऑर्की आणि संध्याकाळी बॅरी आयलंड, ते कार्डिफहून लोकल गाडीच्या टप्प्यात आहे. तिथे आइस्क्रीम, चिप्स आणि कोकाट्या सीगल यांची रेलचेल. सगळा झगमगाट बघून खरं वाटणार नाही, पण १९१३ मध्ये याच बॅरीच्या गोदीतून १ कोटी १० लाख टन कोळसा बाहेर गेला, जगात सर्वांत जास्त. ऱ्हाँडाचा कोळसा उतरायचा तो इथे. सकाळी खोरं आणि संध्याकाळी बंदर बघितलं की आई-बाबांना सगळी साखळी एका दिवसात दिसेल.

आता अंड्याचं. कस्टर्ड धाटणीच्या आइस्क्रीममध्ये अंड्याचा बलक असतो, दुधावर भर असलेल्या जेलातोमध्ये (इटालियन धाटणीचं आइस्क्रीम) बऱ्याचदा नसतो. पण अंदाज करत बसू नका. इथे १४ ॲलर्जन घटकांची माहिती ग्राहकाला देणं दुकानदाराला बंधनकारक आहे आणि अंडं त्या यादीत आहे. काउंटरवर विचारा, ते फाइल काढून दाखवतात, कुणी वैतागत नाही. जिलेटिन मात्र त्या यादीत नाही! त्यामुळे मार्शमॅलो, जेलीच्या गोळ्या असलं काही वर घालू देऊ नका, नाहीतर वेगळं विचारा.

कॅफेतल्या बाकीच्या गोष्टींत तीन सापळे आहेत, आपल्या लोकांना कुणी सांगत नाही :

वेल्श केक. तव्यावर भाजलेल्या चपट्या, बेदाणे घातलेल्या टिकल्या. फार छान लागतात, गरम असल्या तर विचारूच नका. पण पारंपरिक कृतीत लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, असते. हल्ली बरेचजण फक्त लोणी वापरतात. अंडं बहुधा असतंच, त्यामुळे तुमच्या आईंसाठी बाद.

वेल्श रेअरबिट. पावावर चीज, मोहरी, बिअर. दिसायला निष्पाप. त्यात वूस्टरशर सॉस घालतात आणि त्या सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात.

बारा ब्रिथ. चहात भिजवलेला सुका मेवा घालून केलेला गोड पाव. मासा नाही, चरबी नाही, पण अंडं असू शकतं. विचारा.

मग उरलं काय? टोस्ट, बीन्स, चिप्स (कशात तळल्यात ते विचारून, काही जुन्या दुकानांत अजून गाईची चरबी वापरतात), चहा आणि अंड्याविना आइस्क्रीम. डोंबिवलीहून येताना ठेपल्यांचं पाकीट असेलच, हे गृहीत धरते.

---

अर्धाकटिंग (डोंबिवली)

ठेपले नाहीत, दशम्या. बाकी सगळं टिपून घेतलं, धन्यवाद! रेअरबिटचं ऐकून आई म्हणाली, "माश्याचं लोणचं घातलेला चीज टोस्ट? कशाला?"

---

गुळपोळी (मँचेस्टर)

उत्तरेचं मी सांगते, कारण आम्ही इकडूनच घुसतो. चेस्टरवरून किनाऱ्याच्या कडेनं रेल्वे आहे, खिडकीची जागा समुद्राकडची, म्हणजे जाताना उजवीकडची, धरा.

लॅन्डुडनो. १८७७ चा लांबलचक पियर (समुद्रात आत गेलेला फिरायचा धक्का), व्हिक्टोरियन हॉटेलांची कमान, आणि इंग्लंड-वेल्समधल्या सर्वांत निर्ढावलेल्या सीगल. हे मी गंमतीनं लिहीत नाहीये. कोन घेतलात की भिंतीला पाठ लावून उभे राहा. माझ्या मुलाचा अख्खा स्कूप एकीनं हवेतून नेला आणि तो रडायचा सोडून टाळ्या वाजवत होता. परिसेलाजचं आइस्क्रीम तिथे हॅपी व्हॅलीत मिळतं, त्यांचं मूळ गाव कॉन्वी. खरं तर कॉन्वीलाच जावं. किल्ल्याच्या तटावर फिरायचं, खाली धक्क्यावर यायचं, ग्रेट ब्रिटनमधलं सर्वांत लहान घर बघायचं आणि कोन घेऊन होड्या बघत बसायचं. परिसेलाजमध्ये स्वादांची यादी इतकी मोठी की मुलांसोबत असाल तर रांगेत लागण्याआधीच ठरवून घ्या.

पुढे अँगलसी बेटावर ब्यूमॅरिस. तिथलं रेड बोट. हे जुन्या इटालियन घराण्याचं नव्हे. इथल्या मालकानं इटलीत जाऊन जेलातो शिकून घेतला. म्हणजे उलटी गंगा. जेलातोत साध्या आइस्क्रीमपेक्षा साय कमी आणि दूध जास्त, घुसळताना हवा कमी भरतात, आणि वाढतानाही ते थोडं कमी गार असतं. जीभ बधिर होत नाही, म्हणून स्वाद ठळक लागतो. शेजारचा किल्ला पहिल्या एडवर्डनं १२९५ मध्ये बांधायला घेतला आणि तो कधीच पुरा झाला नाही. पैसे संपले.

मग खाली क्रिकेथ. कॅडवॉलडर्स, १९२७ पासून. आणि हे नाव मात्र अस्सल वेल्श! ताईंच्या सिद्धांताला एक अपवाद. किराणा दुकानातून सुरू झालेलं आइस्क्रीम, तेही व्हॅनिलाच. आता त्यांच्या शाखा बऱ्याच आहेत, कार्डिफलाही, पण क्रिकेथच्या किल्ल्याखाली, समोर कार्डिगनचा उपसागर, इथे खाण्यात मजा आहे.

वेळ असेल तर हार्लेक. हुवेनवा'र कास्टेल नावाचं पार्लर किल्ल्याला लागूनच. त्या गावातली फोर्ड पेन लेक ही गल्ली २०१९ मध्ये जगातली सर्वांत उभी म्हणून गिनीजनं जाहीर केली आणि पुढच्याच वर्षी न्यूझीलंडच्या डनीडिननं भांडून तो मान परत नेला. हार्लेकवाले अजून रुसलेले आहेत. निवांतआजोबा, तुमच्या गुडघ्यांनी त्या गल्लीकडे बघूही नये.

पोर्टमेरियनलाही जेलातो मिळतो. क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुविशारदानं १९२५ पासून पुढे पन्नासेक वर्षं रमतगमत उभारलेलं इटालियन वळणाचं गाव. मला ते जरा नाटकाच्या नेपथ्यासारखं वाटतं. नवऱ्याला फार आवडतं. प्रवेशफी आहे.

---

फेणीवाला (मडगाव)

गोंयकार हाजीर. आमच्या घरात कार्डिफ हे नाव लहानपणापासून ऐकलंय. पणजोबा तारवटी, बोटीवर कुक. कोळसा भरायला बोट कार्डिफ-बॅरीला लागली की चार दिवस मोकळे. एक 'इटालियन चाय दुकान' होतं म्हणायचे, तिथे वर्ण बघून कुणी बाहेर काढत नसे. ते कुठलं, ते आता सांगायला कुणी नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. दुसऱ्या महायुद्धात इटली शत्रुपक्षात. मग या आइस्क्रीमवाल्यांचं काय झालं?

---

साबुदाणावडा (कार्डिफ)

हे मूळ लेखात मुद्दाम घातलं नव्हतं, पण विचारलंत ते बरं केलंत.

१० जून १९४० ला मुसोलिनीनं युद्ध पुकारलं. त्याच रात्री ब्रिटनभर इटालियन दुकानांवर जमाव चालून गेले, कार्डिफ आणि स्वान्सीतही काचा फुटल्या. चर्चिल सरकारनं इटालियन पुरुषांची धरपकड सुरू केली. ज्यांची मुलं ब्रिटिश सैन्यात होती असे बापही त्यात सापडले. वीस-तीस वर्षं याच रस्त्यावर कॉफी विकणारा माणूस, पण नागरिकत्वाचे कागद केले नव्हते, म्हणून शत्रू.

यातल्या काहींना कॅनडाला न्यायला अरँडोरा स्टार या बोटीवर चढवलं. इटालियन, जर्मन नजरकैदी, पहारेकरी आणि खलाशी धरून पंधराशेच्या आसपास माणसं. २ जुलै १९४० च्या पहाटे आयर्लंडच्या वायव्येला जर्मन पाणबुडीनं टॉर्पेडो मारला. आठशेहून जास्त माणसं बुडाली, त्यांत इटालियन सर्वांत जास्त. वेल्समधून नेलेल्यांपैकी ५३ जण गेले. त्यात कॅफेवाले, आइस्क्रीमवाले, चिप्सवाले. कित्येक बार्दीचे. बार्दीच्या दफनभूमीत त्यांच्या नावानं छोटं चॅपल आहे.

कार्डिफमध्ये चार्ल्स स्ट्रीटवरच्या सेंट डेव्हिड्स कॅथेड्रलमध्ये २ जुलै २०१० ला, सत्तर वर्षांनी, स्मारक बसवलं. आत जाऊन बघता येतं. शॉपिंगच्या गर्दीपासून दोन मिनिटांवर आहे आणि तिथे बहुधा कुणी नसतं.

आणि युद्ध संपल्यावर उरलेले लोक परत त्याच रस्त्यावर आले. तीच काच बसवली, तीच पाटी रंगवली. ज्यांनी दगड मारले त्यांच्याच पोरांना कोन विकले. मला हे अजून नीट पचलेलं नाही.

---

निवांतआजोबा (पुणे)

वाचून गप्प झालो.

आपल्याकडचे इराणी आठवले. तेही डोंगराळ, कोरड्या मुलखातून आलेले, तेही कोपऱ्यावरचं दुकान धरून बसले, त्यांच्याकडेही विद्यार्थी एका चहावर तीन तास काढायचे. डेक्कनच्या गुडलकमध्ये (१९३५) आम्ही तेच केलं. युद्धात कुणी त्यांना बोटीत घातलं नाही, एवढा फरक. आता तीच तक्रार दोन्हीकडे असणार : पुढची पिढी गल्ल्यावर बसत नाही.

---

साबुदाणावडा (कार्डिफ)

हो आजोबा. पोरं डॉक्टर, वकील झाली. काहींनी भलतंच केलं. बीटल्सच्या सिनेमांत दिसणारा नट व्हिक्टर स्पिनेटी हा एब्बू व्हेलजवळच्या क्वमचा, घरचं चिप्सचं दुकान. २००५ मध्ये वेल्सनं रग्बीचा ग्रँड स्लॅम जिंकला त्या संघात रॉबर्ट सिदोली होता. आइस्क्रीमच्या आडनावाचा सहा फूट सहा इंचाचा माणूस लाइनआउटमध्ये (बाहेरून फेकलेला चेंडू झेलायला) उडी मारताना बघून इथल्या म्हाताऱ्या काय खूश व्हायच्या!

---

पानगळ

माझा विरोध नोंदवून ठेवतो, कारण नुकताच जाऊन आलो. खोऱ्यातल्या एका जुन्या कॅफेत (नाव घेत नाही) सोफ्याचं रेक्झीन फाटलेलं, 'फ्रॉथी कॉफी' म्हणजे कोमट फेसाळ दूध आणि आइस्क्रीम चक्क बाहेरून आणलेल्या डब्यातलं. इतिहास चाटून पोट भरत नाही.

---

साबुदाणावडा (कार्डिफ)

@पानगळ, फ्रॉथी कॉफीबद्दल तुमचं बरोबर आहे, ती कॉफी पिणाऱ्यांसाठी नाहीच. ती १९५०-६० मधल्या चवीची आहे आणि लोकांना तशीच हवी असते. अशा ठिकाणी कॉफी मागूच नका, चहा घ्या, नाहीतर गरम विम्टो. द्राक्ष-बेरीचं सरबत उकळत्या पाण्यात. ऐकायला विचित्र, पण खोऱ्यातला पाऊस अंगावर घेऊन आलात तर त्यासारखं दुसरं काही नाही. मांसाहारींसाठी वाफेवर गरम केलेली पाय. पूर्वी कॉफीच्या यंत्राच्या वाफेवरच करायचे.

आइस्क्रीम कुठे बनतं हे मात्र विचारायलाच हवं. "तुम्ही इथेच करता का?" एवढं विचारलं की खरं करणारा माणूस दहा मिनिटं बोलतो आणि न करणारा विषय बदलतो. फाटक्या रेक्झीनचं माझ्याकडे उत्तर नाही. निम्म्या खोऱ्यांतल्या खाणी ऐंशीच्या दशकात बंद पडल्या, रस्त्यावर गिऱ्हाईकच उरलं नाही तर सोफा कोण शिवणार? जे चालू आहेत ते चालू आहेत हेच पुष्कळ.

---

मोरपीस_नागपूर

अहो, कुणी हे-ऑन-वाय कसं नाही लिहिलं? पुस्तकांचं गाव! आपल्या भिलारची कल्पना तिथूनच आली ना. २०१७ मध्ये भिलारला पुस्तकांचं गाव केलं तेव्हा सगळ्या पेपरात हे-ऑन-वायचं नाव होतं.

तर त्या हे गावात शेफर्ड्स म्हणून पार्लर आहे, तिथं मेंढीच्या दुधाचं आइस्क्रीम मिळते. हो, मेंढीच्या! मी आधी नाक मुरडलं होतं. वास अजिबात नाही. गाईच्या दुधापेक्षा त्यात स्निग्धांश जास्त, त्यामुळे साय न घालताही दाट होते. दुधाचा त्रास असणाऱ्यांना कुणी "हे चालते" असं सांगितलं तर भरवसा ठेवू नका, लॅक्टोज त्यातही असतेच. माझ्या बहिणीला ते त्याच संध्याकाळी समजलं.

पुस्तकांच्या दुकानांत तीन तास, मग दोन स्कूप, असा बेत करा. मे अखेरीस तिथं साहित्य महोत्सव असते, गावात पाय ठेवायला जागा नसते, हे अर्धाकटिंग यांनी लक्षात घ्यावं.

---

अर्धाकटिंग (डोंबिवली)

मे अखेरीसच येतोय! बाबा म्हणतात गर्दी चालेल, पुस्तकं हवीत. आई म्हणते मेंढी नको. बघू.

रेल्वे जाते का तिथे?

---

मोरपीस_नागपूर

नाही, स्टेशन कधीचंच बंद झालं. हेरेफर्डपर्यंत गाडी, तिथून बस. महोत्सवाच्या दिवसांत जास्तीच्या बस सोडतात. जागा आधी ठरवून ठेवा.

---

रानवाट_७ (स्वान्सी)

पश्चिमेचं राहिलं. टेन्बीला फेचीज, हेही बार्दीचेच, तटबंदीच्या आतल्या गल्लीत. एबरएरॉनला धक्क्यावर हाइव्ह, तिथे मधाचं आइस्क्रीम. साखरेच्या जागी मध घातला की आइस्क्रीम मऊ राहतं, कारण मधामुळे ते सहजी घट्ट गोठत नाही. रंगीत घरं, भरती-ओहोटीत वरखाली होणाऱ्या बोटी, आणि मधाची चव अगदी शेवटी जिभेवर येते. तिथून आत वळलात तर लँपिटरला कॉन्टीज. २०२५ पर्यंत विद्यार्थ्यांचं गाव, लहानसं, आणि कॅफेत वेल्श कानावर पडते.

@अर्धाकटिंग, दोन दिवसांत हे बसणार नाही, पुढच्या वेळी. एक सूचना सगळ्यांसाठी : किनाऱ्यावरची बरीच पार्लरं ऑक्टोबरनंतर आखडती वेळ ठेवतात, काही सरळ ईस्टरपर्यंत बंद. खोऱ्यातले कॅफे वर्षभर चालतात, पण दुपारी चार-साडेचारला खुर्च्या टेबलांवर चढतात आणि रविवारी बरेच बंद. निघण्याआधी फोन करून विचारा, गूगलवरच्या वेळा अर्ध्या वेळा जुन्या असतात.

---

फेणीवाला (मडगाव)

रविवारी बंद? ज्यांनी रविवारी उघडं ठेवण्यासाठी दंड भरले, त्यांचीच दुकानं?

---

साबुदाणावडा (कार्डिफ)

हो ना. आता पब उघडे असतात.

@अर्धाकटिंग, तुमची तारीख ठरली की मला विपू (विचारपुशीत निरोप) करा. ट्रीऑर्कीचा दिवस शनिवारी ठेवा आणि स्वान्सीचा रविवारी, म्हणजे दोन्ही उघडं मिळेल.